शिंगाळ्याची सोडवण

फार वर्षांपूर्वी, होड्यांना इंजिनं नव्हती आणि म्हाताऱ्यांना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा आडबंदर गावात मथुरी नावाची एक बाई होऊन गेली. आज तिला मथुराई म्हणतात. ती जिवंत असताना ज्या घरांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं होतं, ती सगळी घरं आज तिला आई म्हणतात. मेलेल्या बाईला आई म्हणायला कष्ट पडत नाहीत.

आडबंदर खाडीच्या तोंडावर आहे. उत्तरेला काळ्या कातळाचं खडप, दक्षिणेला रेतीची पुळण, आत वळलं की तिवरांची दाटी, आणि खाडी दर्याला मिळते तिथे मऊ चिखलाचा उथळ पट्टा. माणसांच्या जशा वाड्या असतात तशा तिथे माशांच्या होत्या. तांबोशी आणि गोब्रे खडपाच्या कपारीत. मुडदुशी रेतीत. बोयचे थवे भरतीबरोबर आत यायचे, ओहोटीबरोबर बाहेर जायचे. तिवरांच्या मुळ्यांत खेकडे आणि साऱ्या दर्याची बारकी पिल्लं. सुरमई लांब, खोल पाण्यात, कुणाच्या घेण्यादेण्यात नसलेली. आणि पावसाळा सरता सरता चिखलाच्या पट्ट्यावर शिंगाळे. मिशीवाला, डोक्यावर हाडाचं टोपरं घातलेला, पाठीला आणि कल्ल्यांशी विषारी काटे असलेला हा मासा. दिसायला काही देखणा नाही. पण तेवढे दिवस चिखलाचा तो पट्टा त्याचाच.

गावच्या जाणत्यांना हे सगळे पत्ते तोंडपाठ होते, असं म्हणतात. त्याचं फार कौतुकही करतात. पत्ते चोरालाही पाठ असतात.

तर नारळी पुनवेला दर्या उघडायचा. त्याआधीचे पावसाचे महिने गाव सुकटीवर काढायचं, सुकट संपली की नुसत्या पेजेवर. पोरांच्या बरगड्या दिसायला लागायच्या. अशात काठाला पहिला लागणारा मासा शिंगाळा. पुळणीवर रापण पडायची. रापण म्हणजे सगळ्या गावाचं एकच लांबलचक जाळं. त्याचं एक टोक काठावर धरायचं, होडीने बाकीचं जाळं अर्ध्या चंद्रासारखं पाण्यात टाकत जायचं, दुसरं टोक पुन्हा काठाला आणायचं, आणि मग बाया, बाप्ये, म्हातारे, सगळ्यांनी मिळून दोन्हीकडून दोऱ्या ओढायच्या. ज्याचा हात दोरीला, त्याला वाटा. नियम चांगला होता. दोरीला हात लावून नामानिराळं राहायची मात्र सोय नव्हती.

आता या शिंगाळ्यांतल्या बऱ्याच जणांच्या तोंडात अंडी असायची. मोठी, करवंदाएवढी, पिवळी. तोंड उघडावं तर आत गच्च भरलेली. कधी अंडी फुटून इवली पिल्लं, पोटाला पिवळी पिशवी चिकटलेली. कुणा खापरपणज्याने हे पहिल्यांदा पाहिलं आणि ठरवून टाकलं की हा मासा स्वतःची पोरं खातो. झालं. त्याने पुन्हा बघितलं नाही, त्याच्या मुलाने बघितलं नाही, नातवाने तर प्रश्नच नाही. शिंगाळा पापी, तो मारला तर दोष नाही, उलट पुण्य. आणि पुण्य पदरात पडावं म्हणून गावाने एक विधी काढला, त्याचं नाव सोडवण.

रापण काठाला लागली की बाया ओल्या रेतीत गुडघे टेकून बसायच्या. शिंगाळ्याचा जबडा उघडून, बोट आत घालून, अंडी-पिल्लं करवंटीत काढायच्या. त्यावर हळद-कुंकू वाहायचं. मग करवंटी लाटेत उलटी करायची आणि म्हणायचं, “सुटलंस रे बाळा.” बाप टोपलीत, पोरं दर्यात. लाटेच्या कडेला कुर्ल्या, रेतीतले खेकडे, वाट बघत बसलेल्या असायच्या, वर कावळे. म्हातारे सांगायचे, बघा, कुर्ल्याही दर्शनाला येतात.

आणि त्यातून आणखी एक समजूत उगवली. जी बाई जास्त पिल्लं सोडवील तिची कूस भरेल, तिचं पोर जगेल.

मथुरी या समजुतीची सगळ्यात मोठी भक्त होती. लग्न होऊन ती धाकूच्या घरी आली. धाकू रापणीच्या होडीवर वल्ही मारायचा. मथुरीला बाळं झाली, पण बारशाच्या आतच गेली. एक गेलं, मग दुसरं गेलं, मग तिसऱ्याला नाव ठेवायची तयारीच कुणी केली नाही. दरवेळी तिला वाटायचं, यंदा आपण कमी सोडवली. मग पुढच्या वर्षी ती सगळ्यांच्या आधी काठावर. काटे बोटांत मोडायचे, हात सुजून भोपळा व्हायचा, ताप भरायचा, तरी करवंट्या भरत राहायची. रापणीचा म्होरक्या बाबल तांडेल तिच्या मागे उभा राहून म्हणायचा, “तुका पोर व्हया मा? मगे हात चालव.” जणू पोर त्याच्या कनवटीला होतं. तो साठी ओलांडलेला, आवाजाने मोठा. गावात आवाजालाच अक्कल म्हणत.

त्या वर्षी मथुरी पुन्हा गरोदर होती. पोट चांगलं वर आलेलं. सासू जनाबाय तिला दोरी ओढू देत नव्हती, पण सोडवणीला तूच बस म्हणायची, यंदा दुप्पट काढ. म्हणून पहिल्या रापणीच्या आदल्या दिवशी, ओहोटीला, मथुरी एकटीच खडपावर गेली. पाणी उतरलं की खडपाच्या खळग्यांत, कोंडींत, एखादा मासा अडकून राहतो. एखादा शिंगाळा हाती लागला तर तेवढीच आगाऊ सोडवण, असा तिचा हिशोब.

आणि एका कोंडीत तो होता. चिखलाच्या पट्ट्यावरून चुकून आलेला. पाणी गुडघाभर, निवळ. मथुरी काठावर उकिडवी बसली, हात पाण्यात घालणार, तेवढ्यात शिंगाळ्याने आपण होऊन तोंड उघडलं.

आतून पिल्लं बाहेर आली. एकेक करत, मग घोळक्याने. नखाएवढी, पिवळ्या पिशव्या ओढत. बापाच्या मिशांभोवती फिरायला लागली. बाप हलला नाही. मथुरीने श्वास धरला. आता खाईल, आता खाईल. वरून एक बगळा गेला आणि त्याची सावली पाण्यावर पडली. शिंगाळ्याने तोंड वासलं आणि सगळी पिल्लं, घरात शिरावीत तशी, आपणहून आत गेली. तोंड मिटलं. बगळा लांब गेला तसं तोंड पुन्हा उघडलं.

मथुरी तिथेच बसून राहिली. तिची सावली पडली की पिल्लं आत, ती मागे सरली की बाहेर. असं किती वेळा झालं ते तिला कळलं नाही. भरती लागली, पाणी कोंडीत शिरलं, तिच्या लुगड्याचा काठ भिजला, मग गुडघे भिजले. पाणी पुरेसं झालं तसा शिंगाळा तोंड मिटून, सगळ्यांना घेऊन, चिखलाच्या पट्ट्याकडे निघून गेला.

मग तिला एकेक आठवायला लागलं. असले तोंडभरले शिंगाळे ती चिरायची तेव्हा त्यांचं पोट आतून सुकलेलं, चिकटलेलं असायचं. एक कोळंबी नाही, एक किडा नाही. गावातल्या प्रत्येक बाईने ते पोट पाहिलं होतं. पोरं खाणाऱ्याचं पोट रिकामं कसं, हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. तो उपाशी होता. घास गिळला तर पोरं गिळली जातील म्हणून उपाशी. आणि आपण बोट घालून... असं म्हणतात की मथुरी त्या खडपावर इतकी रडली की कोंडीतलं पाणी त्या दिवशी ओहोटीलाही उतरलं नाही. रडली असेल. पण तिला स्वतःच्या बाळांसाठी रडायची सवय होती. हे रडणं वेगळं होतं, यात मारेकरी तिच्या ओळखीची होती.

संध्याकाळी देवळापुढे रापणीची बैठक होती. बायकांनी तिथे बोलायचं नसे. मथुरी बोलली. तिने पाहिलेलं सगळं सांगितलं, शेवटी बाबल तांडेलला म्हणाली, “तो पोरांक खाणा नाय. ती भियाली काय तोंडात घेता, राखता. मी बघलंय. आमी सोडवलंव नाय, आबा. आमी मारलंव.”

मग बाबल तांडेल हसला. “माशाक बाप करतंस? उद्या सांगशीत, बांगडो सुतक पाळता म्हणान.”

सगळे हसले. हसण्यात सुटका होती. ती खरं बोलत असली तर देवळाच्या पायरीवर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याने आयुष्यभर जे पुण्य म्हणून साठवलं होतं, ते काय होतं? एवढं उलटून बघायचं वय त्यांचं उरलं नव्हतं. खरं तर ते वय कधीच नव्हतं. एकाने विचारलं, हिच्या म्हणण्याने वाडवडील खुळे? दुसरा म्हणाला, मेलेल्या पोरांनी हिचं डोकं फिरवलंय. मथुरीने विनवलं, निदान तोंडभरले तेवढे परत पाण्यात सोडा, बाकीचे घ्या. बाबलने सांगितलं की दोन महिने उपाशी असलेल्या गावाने आता प्रत्येक माशाचं तोंड तपासत बसायचं नाही.

जनाबायने तिला दंडाला धरून घरी नेलं. वाटेत एकच बोलली, “गप रव. पोटातल्याक ऐकाक येता.” सासू दुष्ट नव्हती. तिला खरंच वाटत होतं की सोडवण मोडली तर हेही बाळ जाईल. तिने नातवंडांना पुरलं होतं, आपल्या हातांनी.

धाकू दारात बसला होता. मथुरीने त्याला विचारलं, तू तरी मानतोस का? तो बराच वेळ जाळं शिवत राहिला. “तू म्हणतंस ता खरा आसतला,” तो म्हणाला, “पण गाव खातला काय?”

हा प्रश्न खोटा नव्हता. पण तो विचारून झाल्यावर धाकूने मान खाली घातली, आणि तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण पडली. होडी चिखलाच्या पट्ट्याला वळसा घालून आली, दोन्ही टोकं काठाला लागली. सगळं गाव दोरीला. बायांनी करवंट्या मांडून ठेवल्या, हळदी-कुंकवाची पानं मांडली. मथुरी तिच्या नेहमीच्या जागी आली आणि तिने करवंटी घेतली नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, बस गो बये, पोटाकडे बघ. मथुरीने पोटाकडे पाहिलं. मग ती पाण्यात चालायला लागली.

जाळ्याच्या आत, जिथे मासे कोंडले होते तिथे. आधी गुडघे, मग कंबर, मग छाती. लोकांना वाटलं देवाला हात जोडायला गेली. ती गेली जाळ्याच्या भिंतीपर्यंत, आणि खाली वाकून तिने जाळ्याची खालची कड, दगड बांधलेली, दोन्ही हातांनी उचलली. असं म्हणतात की त्या क्षणी खाडीतले सगळे शिंगाळे तिच्याकडे वळले. एकाही काट्याने तिला ओरखडा काढला नाही. तिच्या मांड्यांना घासत, पोटाला वळसा घालत, तोंडं मिटून, ते त्या फटीतून बाहेर जायला लागले.

काठावर जाळं हलकं लागायला लागलं. बाबल तांडेलला कळलं. तो ओरडला, ओढा. कुणीतरी म्हणालं, मथुरी आत आहे. बाबल म्हणाला, “येतली भायर. थंडी लागली काय येतली.” आणि त्याने ताल धरला. दोरी चालू झाली. एकदा ताल लागला की रापणीची दोरी एका माणसाच्या म्हणण्याने थांबत नाही, असं सगळे सांगतात. हे मात्र खरं धरू नका. एकानेही थांबा म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर थांबली असती की नाही, हे गावाला आजपर्यंत माहीत नाही.

जाळं काठाकडे सरकलं, तिच्या हातातली कड तिच्यावरच उलटली. जाळं, दगड, राहिलेले मासे, सगळं तिच्या अंगावरून गुंडाळत आलं. धाकूने दोरी सोडली तेव्हा पाण्यावर तिचं डोकं दिसत नव्हतं. तो धावला. त्याच्या मागे दोरी ओढली जातच होती.

काठाला जाळं लागलं तेव्हा त्यात थोडे शिंगाळे होते, आणि मथुरी होती.

तिला रेतीवर आडवं केलं. धाकू तिच्या पोटाला हात लावून बसला, बराच वेळ बसला, मग त्याने हात काढून घेतला. बाया रडत नव्हत्या. काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून जे सुचतं तेच केलं. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी पाणी आणलं. मेलेल्याच्या तोंडात घालायचं असतं. जनाबाय पुढे झाली. सुनेची हनुवटी धरून तिने तोंड उघडलं.

आत पिल्लं होती.

जिवंत. नखाएवढी, पोटाला पिवळ्या पिशव्या. तिच्या जिभेवर, गालांच्या आत, ओलाव्यात एकमेकांना चिकटून वळवळणारी. जनाबायच्या हातातलं पान गळून पडलं. बाबल तांडेल वाकून बघायला आला आणि मागे सरला. असं म्हणतात की त्याचा आवाज त्या दिवशी गेला तो पुन्हा आला नाही. गेला असेल. वेळेवर गेला असता तर बरं झालं असतं.

जनाबायने काय केलं, तर तिने सुनेचं तोंड अलगद मिटलं. मग धाकूने आणि तिने मथुरीला उचललं आणि पाण्यात नेलं, चिखलाच्या पट्ट्यापर्यंत, गळ्याइतक्या पाण्यात. तिथे त्यांनी तिला सोडलं. चिता नाही, मंत्र नाही. काठावर राहिलेले शिंगाळेही लोकांनी टोपल्यांतून उचलून पाण्यात टाकले. त्यातले बरेच तोवर मेले होते. उताणे होऊन तरंगत राहिले.

त्या वर्षी गाव उपाशी राहिलं. पुढच्या वर्षी चिखलाच्या पट्ट्यावर रापण पडली नाही, कारण तिथे काहीच नव्हतं. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. म्हातारे म्हणाले, बाईचा शाप लागला. शाप कसला? वर्षानुवर्षं बाप मारले, पोरं कुर्ल्यांना घातली, तर पुढे येणार कोण? पण शाप म्हणणं सोयीचं असतं. शाप दुसऱ्याने दिलेला असतो.

धाकूने पुन्हा दोरीला हात लावला नाही. तो खडपावर कालवं फोडून जगला. जनाबाय रोज ओहोटीला त्या कोंडीपाशी जाऊन बसायची, तिची नजर गेली तरी जायची, चाचपडत. दोरी ओढलेली माणसं एकेक करून म्हातारी झाली, मेली. त्यातल्या शेवटच्याला पोचवून आले त्या साली, असं म्हणतात, पावसाळा सरता सरता चिखलाच्या पट्ट्यावर पाणी पुन्हा गढूळ झालं. शिंगाळे आले होते.

तेव्हापासून आडबंदरला एक रीत आहे. शिंगाळा जाळ्यात आला की टोपलीत टाकण्याआधी त्याचं तोंड बघायचं. बोट आत घालायचं नाही, नुसतं बघायचं. भरलेलं असलं तर तळहाताने तोंड मिटायचं, पाण्यात गुडघ्यापर्यंत जायचं आणि सोडायचं. “जा रे बाबा, तोंड मिटून जा,” एवढंच म्हणायचं. चिखलाच्या पट्ट्यावर तेवढे दिवस जाळं टाकायचं नाही.

पुढाऱ्यांनी आता याचा उत्सव केला आहे. मथुराईचं देऊळ बांधलं, घुमटावर स्पीकर लावला. उत्सवाच्या दिवशी एक शिंगाळा हार घालून वाजतगाजत सोडतात, फोटो काढतात, आणि मागे जेटीवर त्यांच्याच मोठ्या बोटी बाहेरून भरून आलेल्या असतात. त्या बोटींतल्या माशांची तोंडं कोण बघतं? बर्फ लागेपर्यंत तोंडं उघडीच असतात, अंडी डेकवर सांडलेली, बुटांखाली चिकट झालेली. भाषण ठोकणाऱ्यांना ते दिसत नाही. ते चष्मा लावून भाषण वाचत असतात.

पण पुळणीवर अजून काही बाया आहेत. उत्सवाला त्या नसतात. सकाळी छोटं जाळं आलं की ओल्या रेतीत बसतात, प्रत्येक शिंगाळ्याचं तोंड बघतात. गावात कुणी गरोदर असली तर ती येते, भरल्या तोंडाचा एक शिंगाळा दोन्ही हातांत घेऊन पाण्यात जाते. काटे लागतात, हात सुजतो. मासा गेला की ती थोडा वेळ तिथेच उभी राहते.

मात्र नवस बोलायचा नाही. मूल मागायचं नाही, ते जगू दे म्हणायचं नाही, काहीच मागायचं नाही. मागितलं तर म्हाताऱ्या बाया रागावतात, आणि त्याला सोडवण धरत नाहीत.